इनकमिंगपुरत्या पॅकला कमाल दर हवा

अकोल्याच्या बाजारपेठेत माझं रिचार्जचं दुकान आहे. बाजारच्या दिवशी डोंगराकडच्या वाड्यांवरून म्हातारी माणसं येतात, बटणांचा फोन काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, ‘‘पोराचा फोन लागंना, बघ बाबा.’’ बिघाड नसतो. व्हॅलिडिटी संपलेली असते.

देशात इनकमिंग 2003 साली फुकट झालं. आता तेच चालू ठेवायला खासगी कंपनीच्या ग्राहकाला 28 दिवसांना दोनशेच्या आसपास मोजावे लागतात. 28 दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज.

दुकानावर कधीकाळी एअरसेल, युनिनॉर, डोकोमो, आयडिया असे कितीतरी फलक होते आणि दर आठवड्याला कुणीतरी भाव पाडायचं. आता खासगी कंपन्या तीनच. 27 जून 2024 ला जिओने दरवाढ जाहीर केली, दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियानेही. 28 दिवसांचा स्वस्त पॅक जिओचा 155 वरून 189 झाला, एअरटेलचा 179 वरून 199. संगनमताचा आरोप मी करत नाही. पण गिऱ्हाईक जाईल ही भीती बाजारात उरलेली नाही, हे मला रोज दिसतं.

पटत नसेल तर नंबर पोर्ट करा, असं शहरातले लोक सांगतात. 1900 वर मेसेज टाकला की काम होतं, खरं आहे. पण ज्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते, तिथल्या माणसाने पोर्ट करून जायचं कुठं?

दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नेटशिवायचे, नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक सक्तीचे केले. चांगलंच केलं. दर मात्र कंपन्यांवर सोडला. त्यानंतर आलेले 84 दिवसांचे पॅक साडेचारशेच्या घरात होते, नेटसकटच्या जुन्या पॅकपेक्षा तीस-चाळीस रुपयांनी कमी. हिशेबाने ते स्वस्त पडतात, हे मी आजींना समजावतो. पण श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांतून औषधं आणि किराणा भागवायचा असतो, साडेचारशे एकदम सुटत नाहीत. त्या महागडा 28 दिवसांचाच पॅक मारतात.

रोमिंगच्या दरांना ट्रायने 2015 मध्ये कमाल मर्यादा घातली होती. तशीच एका पॅकला घालावी: पूर्ण महिनाभर इनकमिंग आणि घरच्यांशी बोलण्यापुरते कॉल. बाकीचे दर कंपन्यांनी खुशाल ठरवावेत.