माणसं सुटली, निकाल अडकला

११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवलं, तेव्हा आपल्या ग्रुपांवर अल्हम्दुलिल्लाहचा पाऊस पडला. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने जे केलं त्याची चर्चा मात्र कमी झाली. राज्य सरकारच्या अपिलावर आदेश आला: सुटलेल्यांनी तुरुंगात परतायची गरज नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून चालणार नाही.

मेख इथेच आहे. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. १९९९ च्या मोक्का कायद्यात मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालते. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली, त्यात अशा कबुल्यांचा मोठा वाटा होता. उच्च न्यायालयाने त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. आरोपी वेगळे, नोंदवणारे अधिकारी वेगळे, आणि काही मजकूर शब्दशः तोच! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कॉपी-पेस्ट ओळखायला दोन मिनिटं लागतात. इथे शिक्षेनंतर जवळपास १० वर्षं लागली.

छळाच्या तक्रारींना वैद्यकीय नोंदींचा आधार होता. ओळख परेड घेणाऱ्याला तेव्हा तो अधिकारच नव्हता. टॅक्सीचालक साक्षीदार १०० हून जास्त दिवस गप्प राहिले होते. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. ऑफिसात कुणी ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ म्हणालं, तर भांडू नका, एवढं सांगा.

बारांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच कोरोनाने वारला. आणि स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. १९ वर्षांनंतर त्यांच्या घरच्यांच्या हाती गुन्हेगाराचं नावही नाही. आपल्या जल्लोषात त्यांचा उल्लेख नसावा, हे मला पटत नाही. खोटा आरोपी पकडला गेला की खरा मोकळा राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

मोक्काखाली आज आत असलेल्यांच्या वकिलांना हा निकाल पुढे करता येत नाही, पण त्यातली पद्धत वापरायला कुणाची मनाई नाही. कबुल्या जुळवून पाहा, दवाखान्याचे कागद मागा, परेड घेणाऱ्याचं अधिकारपत्र तपासा. कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही ६७१ पानं वाचावीत आणि मुद्दे सोप्या मराठीत उतरवून पाठवावेत. आम्ही ते क्रमशः छापू.