विश्लेषण : मिक्सर, फ्रिज, कुकर बिघडला? घरी काय दुरुस्त करावे, कुठे थांबावे?

सकाळची डब्याची घाई, वाटण अर्धवट आणि मिक्सर अचानक बंद. अशा वेळी बहुतेक घरांत दोनच मार्ग दिसतात : मेकॅनिकला फोन, नाहीतर नव्या मिक्सरची ऑनलाइन ऑर्डर. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातल्या उपकरणांचे कितीतरी बिघाड प्लग, वायर, रबर किंवा साचलेला मळ अशा बाहेरच्याच कारणांनी होतात. ते ओळखता आले तर व्हिजिट चार्ज वाचतो आणि धडधाकट वस्तू भंगारात जात नाही. मात्र काही उपकरणे प्लग काढल्यानंतरही जिवावर बेतू शकतात. म्हणून काय करावे याबरोबरच कुठे थांबावे, हेही माहीत हवे.

तपासणीची सुरुवात कुठून?

नेहमी बाहेरून आत. उपकरण चालत नसेल तर त्याच सॉकेटमध्ये चालू असलेला टेबल लॅम्प लावून पाहा. तोही लागला नाही, तर दोष सॉकेटमध्ये किंवा एमसीबीमध्ये आहे. एमसीबी पडला असेल तर उपकरणाचा प्लग काढून एकदाच वर करा. तेच उपकरण लावल्यावर तो पुन्हा पडत असेल, तर आत शॉर्टसर्किट असण्याची शक्यता मोठी. तो पुन:पुन्हा चढवू नका. प्लग गरम होणे, पिनेवर काळे डाग येणे, सॉकेटमध्ये प्लग सैल बसणे, वायर उपकरणात शिरते तिथे चिरणे या खुणा डोळ्यांना दिसतात.

कोणतीही तपासणी प्लग काढून, कोरड्या हातानेच करावी. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर ते बंद असूनही उपकरणात वीज असते. हाताला झिणझिण्या येत असतील तर वापर तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

मिक्सर मध्येच बंद का पडतो?

भांड्यात जास्त किंवा फार घट्ट वाटण असले की मोटरवर ताण येतो आणि ओव्हरलोड स्विच तिला बंद करतो. मोटर जळू नये यासाठीची ही सोय आहे. मिक्सरच्या तळाशी किंवा मागे लहान बटण असते, बहुधा लाल. प्लग काढा, भांडे बाजूला करा, मोटर थंड होऊ द्या आणि मग ते बटण दाबा. वाटण कमी करून, थोडे पाणी घालून पुन्हा चालवा. रिकाम्या भांड्यानेही बटण उडत असेल, तर पाते हाताने जपून फिरवून पाहा. ते जड फिरत असेल तर भांड्याचा बुश अडकला आहे.

मोटरचा आवाज येतो, पण पाते फिरत नाही, रबर जळल्याचा वास येतो आणि खाली काळा भुगा पडतो, याचा अर्थ कपलर झिजला आहे. तो भांड्यांच्या दुकानातही मिळतो. जुना नमुना सोबत न्या. मोटरवरच्या कपलरला अनेक मिक्सरमध्ये उलटे आटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी दिशा तपासा. भांड्याखालून पाणी गळत असेल तर बुश किंवा वॉशर बदलावा लागतो. जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश संपत आले आहेत. ते जोडीने बदलतात. हे काम मेकॅनिकचे.

फ्रिज थंड होत नसेल तर?

दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. तो सहज निघाला तर तिथून गार हवा बाहेर जाते आहे. रबर साबणाच्या पाण्याने पुसा, कडक झाले असेल तर कोमट ओल्या फडक्याने शेका. तरीही पकड येत नसेल तर रबर बदला. मागे उघडी जाळी असेल तर तिच्यावरची धूळ प्लग काढून साफ करा आणि फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढा. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आतल्या मागच्या भिंतीलगतचे पाणी जाण्याचे भोक बुजलेले असते. कोमट पाण्याने ते मोकळे होते.

बर्फ सुरीने खरवडणे मात्र टाळाच. आतली नळी फुटली की गॅस निघून जातो आणि खर्च हजारांत जातो. अनेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. त्यामुळे गॅस आणि कॉम्प्रेसरचे काम प्रशिक्षित माणसानेच करावे.

कुकर आणि शेगडीचे काय?

शिटी होत नाही आणि वाफ कडेने जाते, तर गॅस्केट सैल झाली आहे. वाफ मधूनच निसटत असेल तर शिटीखालची नळी साफ करा. पाणी आटल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. हेच त्याचे काम आहे. गेलेला व्हॉल्व्ह कशानेही बुजवू नका. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बसवा.

शेगडीची ज्योत पिवळी आणि भांडी काळी होत असतील तर बर्नर गरम साबणपाण्यात भिजवा, भोके मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. जेटचे भोक मोठे करू नका. नळीवरची मुदत पाहा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. गळतीची शंका असेल तर साबणाचा फेस लावून पाहा, काडी कधीही पेटवू नका. गॅसचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह उघडावेत का?

इंडक्शन तापत नसेल तर भांड्याच्या बुडाला चुंबक लावा. तो चिकटला नाही तर दोष भांड्याचा. एररचा आकडा दिसत असेल तर त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत असतो. खालच्या पंख्याची जाळी धुळीने बुजली असेल तर बाहेरून साफ करा. वरची काच तडकली असेल तर वापर बंद.

मायक्रोवेव्हचे आवरण मात्र उघडूच नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. दुरुस्ती करणाऱ्यांचे त्याने जीव गेले आहेत. आतल्या भिंतीवरचे डाग पुसणे आणि धातूची भांडी टाळणे एवढेच घरी करावे. ठिणग्या उडत राहिल्या किंवा दार नीट लागत नसेल तर थेट सर्व्हिस सेंटर.

सुटे भाग मिळणार का?

घरगुती दुरुस्तीचे सगळे गणित यावर अवलंबून आहे. कपलर मिळतो म्हणून मिक्सर वाचतो. सर्किट बोर्ड मिळत नाही म्हणून अख्खे इंडक्शन फेकले जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टल सुरू केले. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सर्व्हिस सेंटरची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्यामागचा हेतू. वस्तू किती दुरुस्त होण्याजोगी आहे, हे गुणांत सांगणाऱ्या निर्देशांकावरही समितीचा अहवाल २०२५ मध्ये आला, पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करण्याची शिफारस त्यात आहे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ मध्ये लागू झाला आणि त्यात वॉशिंग मशीनचाही समावेश होता. आपल्याकडे मिक्सर आणि फ्रिजची पाळी लवकर यायला हवी. घरातला फोन दोन-चार वर्षांत बदलतो, फ्रिज मात्र पंधरा वर्षे चालावा अशी अपेक्षा असते.

तोवर ग्राहकाने तीन गोष्टी कराव्यात : बिल आणि मॉडेल क्रमांकाचा फोटो फोनमध्ये ठेवावा, वॉरंटी असेपर्यंत स्क्रू उघडू नये, कारण त्याने वॉरंटी रद्द होऊ शकते, आणि वस्तू घेण्यापूर्वी दुकानदाराला सुटे भाग किती वर्षे मिळतील हे विचारावे. वॉरंटीतही दुरुस्तीची टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.