कोणाचे गुडघे मोजले?

ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. शस्त्रक्रिया केली ती न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. मूळचे मध्य प्रदेशातले हे सर्जन १९७४ च्या सुमारास जॉन इन्सॉल यांच्याबरोबर कृत्रिम गुडघ्याचा तो नमुना घडवणाऱ्यांत होते, ज्यावर आजचे बहुतेक सांधे बेतलेले आहेत. झिजलेला सांधा बदलता येतो ही बातमी मराठवाड्याच्या खेड्यांत पोचली ती बऱ्याच अंशी या दोन शस्त्रक्रियांमुळे. तोवर गुडघेदुखी म्हणजे म्हातारपण, आणि म्हातारपणावर औषध नसते, एवढाच हिशेब होता.

हिशेब तसा जुना आहे. चरकाने वातव्याधींच्या अध्यायात संधिगत वाताची खूण सांगितली आहे: हवेने भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखी लागणारी सूज आणि पाय पसरताना-दुमडताना होणारी वेदना. आजही डॉक्टर गुडघा चाचपतो तेव्हा पहिल्यांदा हेच पाहतो. सुश्रुताने सांध्यातल्या वातावर तेल, शेक, लेप आणि डाग सांगितला. गावोगाव उरले ते याचेच तुकडे: एरंडाची गरम पाने, निर्गुडीचा शेक, बिब्बा, आणि कोणी जाणता असेल तर तापल्या लोखंडाचा डाग. निजामाच्या राज्यात जालन्यासारख्या छावणीच्या गावी हकीमही होते आणि पुढे मिशनचे डॉक्टरही आले. सांध्याच्या आतले मात्र कोणालाच दिसत नव्हते. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि ते दिसू लागले. १९०७ मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी झिजेचा संधिवात आणि आमवात हे दोन वेगळे आजार असल्याचे मांडले. तरी झीज मोजायची कशी, हा प्रश्न आणखी पन्नास वर्षे तसाच राहिला.

त्याचे उत्तर इंग्लंडच्या कोळसा खाणींतून आले, आणि ही गोष्ट जालन्यात जरा थांबून ऐकावी अशी आहे. मँचेस्टरचे जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स १९५२ च्या सुमारास खाणकामगारांच्या सांध्यांचे क्ष-किरण फोटो तपासत होते. अरुंद भुयारात वर्षानुवर्षे गुडघ्यांवर बसून कोळसा काढणाऱ्या माणसांचे सांधे होते ते. १९५७ मध्ये या दोघांनी शून्य ते चार अशी प्रतवारी प्रसिद्ध केली: हाडाला फुटलेले काटे, दोन हाडांमधली अरुंद झालेली फट, हाडाचा बदललेला आकार. आज जालन्याच्या एखाद्या दवाखान्यात डॉक्टर फोटो उजेडाला धरून ‘तिसऱ्या ग्रेडची झीज आहे’ म्हणतो, तेव्हा तो याच मोजपट्टीने बोलतो. पेशंट घरी येऊन ‘वाटी घासली, वंगण संपलं’ म्हणून सांगते. मोजपट्टीतला एक दोष लवकरच कळला: फोटोतली झीज आणि माणसाचे दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. चौथ्या ग्रेडचा माणूस बाजार करून येतो आणि दुसऱ्या ग्रेडची बाई रात्रभर कुशी बदलते. शिवाय फोटो निजवून काढला तर फट आहे त्याहून रुंद दिसते. उभे करून काढा, हे स्वीडनच्या आल्बेक यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. तरीही निजवून काढलेले फोटो घेऊन फिरणारे पेशंट कमी नाहीत.

मग फोटो बाजूला ठेवून माणसालाच विचारायचे ठरले. १९८८ मध्ये कॅनडातल्या निकोलस बेलामी आणि सहकाऱ्यांनी ‘वोमॅक’ ही चोवीस प्रश्नांची यादी केली: पाच दुखण्याचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या हालचालींचे. जगभरच्या औषधचाचण्या या यादीवर चालतात. त्या सतरांत मोजे घालणे आणि काढणे आहे, मोटारीत चढणे-उतरणे आहे, आंघोळीच्या टबात शिरणे आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या शेतमजूर बाईला हे विचारले तर ती हसेल, आणि तिच्या उत्तरांची बेरीज चुकीची निघेल. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे, चुलीपुढून उठणे, शौचाला बसणे आणि खुरपणीत तास न् तास सरकत जाणे, तिचा गुडघा जिथे अडतो त्या या जागा मूळ यादीत नव्हत्याच. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने ती यादी आपल्या बैठकीला जुळवून घेतली. त्याच गटाने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखी मोजली. चार हजारांवर प्रौढांपैकी १८.२ टक्क्यांना हाडा-सांध्यांचे दुखणे निघाले, आणि झिजेचे रुग्ण आमवाताच्या रुग्णांच्या कितीतरी पट होते. महाराष्ट्राच्या खेड्याला आपल्या सांध्यांचा आकडा पहिल्यांदा मिळाला तो असा.

भिगवण उजनी धरणाच्या पाण्याकाठचे गाव. जालन्याच्या गुडघ्यांचा इतिहास वेगळा आहे.

१९७२ च्या दुष्काळात हा भाग तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत होता. सरकारी कामांवर हजारो बायका खडी फोडायला बसल्या. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन, उन्हात, उकिडव्या. तेव्हा अठरा-वीस वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरी ओलांडून आहे. त्याआधीच, १९६४ मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. बियाण्यांच्या धंद्याने जिल्ह्याला नाव दिले, पैसा दिला, आणि निंदणी-खुरपणीची, फुलाफुलावर हाताने पराग लावण्याची बारीक कामेही दिली. ती करणारे हात बहुतेक बायकांचे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली कुटुंबे, विशेषतः तांड्यांवरची, कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. तिथे वाकून तोडायचे, मोळी डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकात चढायचे. ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली जातात, हे वर्तमानपत्रांतून उघडकीस आले तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ती समिती हवीच होती. गुडघ्यांसाठी समिती नेमायचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण गुडघा हळूहळू जातो आणि त्याचा फोटो पहिल्या पानावर छापण्याजोगा नसतो.

बसण्याचा आणि झिजेचा संबंध केवळ तर्क नाही. बीजिंगच्या वृद्धांच्या पाहणीत २००१ मध्ये दिसले की तिथल्या बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या बायकांहून अधिक आहे. २००४ मध्ये त्याच संशोधकांनी तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवे बसण्याशी तिचा धागा जोडला.

उपचारांच्या बाबतीत गेल्या पंचवीस वर्षांनी बऱ्याच महागड्या समजुती मोडल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनमध्ये मोस्ली यांनी १८० जणांवर चाचणी केली: काहींचा सांधा दुर्बिणीने धुतला, काहींच्या कातडीवर नुसता छेद दिला. दोन्ही गटांत आराम सारखाच. २०१७ च्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड टोचलेल्यांची सांध्यातली कूर्चा अधिक झिजली, दुखणे मात्र खारट पाणी टोचलेल्यांइतकेच राहिले. गावच्या बाजारात सुई टोचून मोकळे करणाऱ्यांची चलती आहे, त्यांना हे कोण सांगणार? आयुर्वेदाचीही कसोटी लागली. चोप्रा यांच्याच पुढाकाराने ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुळवेल, सुंठ, आवळा यांच्या मिश्रणांनी ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या औषधांइतकाच आराम दिला. काही रुग्णांच्या रक्तात यकृताचे आकडे मात्र वाढले. झाडपाल्याने अपाय होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. बाकी वजन उतरवणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम, हेच पहिले औषध म्हणून टिकून राहिले आहे, आणि त्याला रुपया लागत नाही.

शेवटचा उपाय सांधा बदलण्याचा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सरासरी दीड लाखाच्या पुढे जात होता, तो ५४,७२० रुपयांवर आला. चांगला निर्णय होता. पण सांध्याची किंमत उतरली म्हणजे त्याच्यानंतरचे आयुष्य परवडेल असे नाही. ऑपरेशननंतरचा संवाद सगळ्या वॉर्डांत सारखाच:

‘मावशी, आता खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही.’

‘मंग खुरपायचं कसं, डॉक्टरसाहेब?’

डॉक्टरांकडे याचे उत्तर नाही, आणि ते त्यांचे एकट्याचे कामही नाही. ब्रिटनने १३ जुलै २००९ पासून कोळसा खाणकामगारांची गुडघेझीज कामातून आलेला आजार म्हणून यादीत घेतली आणि भरपाईचा हक्क दिला. केलग्रेन-लॉरेन्स यांच्या पाहणीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला, पण दिला. आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत शिसे आहे, सिलिकोसिस आहे, गुडघा नाही. खुरपणाऱ्या बाईला तर मालकही एक नसतो, मग भरपाई मागायची कोणाकडे?

जालन्याचे गुडघे इतकी वर्षे साठ किलोमीटरवरच्या औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात जात होते, आणि तेही १९५६ चे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथल्या जनवैद्यक विभागाने पहिली मोठी पाहणी याच विषयाची करावी, असे आम्हाला वाटते. भिगवणसारखी घरोघरी, पण तांड्यांसकट, आणि ऊसतोडीला गेलेली माणसे परतल्यावर, वैशाखात. फोटो उभे करून काढावेत, प्रश्नावली आपल्या बैठकीची घ्यावी, आणि केसपेपरवर वय-वजनाच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत: खडी किती वर्षे फोडली, खुरपणीत दिवसाचे किती तास जातात, ऊसतोडीचे किती हंगाम झाले.