पहिल्याच फेरीत घरी जाणारी शाळा

हिवाळ्यात शालेय क्रिकेटचा मोसम सुरू झाला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एखादं धावफलकाचं छायाचित्र हमखास फिरतं. कुठल्याशा शाळेच्या अमुक खानने किंवा तमुक शेखने तीनशे धावा काढलेल्या असतात. खाली 'माशाअल्लाह'ची रांग लागते. मलाही आनंद होतो, नाही असं नाही. पण शिक्षक असल्यामुळे माझी नजर धावफलकाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाते. समोरची शाळा कोणती होती, तिचा डाव कितीत आटोपला आणि त्या अकरा मुलांचा यंदाचा मोसम त्या संध्याकाळीच संपला का?

बहुतेक वेळा संपलेला असतो. माझी तक्रार आहे ती एवढ्याचबद्दल. स्पर्धा कोण जिंकतं हा माझा प्रश्न नाही. पुढच्या फेरीत जाण्याची जी पद्धत आपण शाळकरी मुलांसाठी ठरवून ठेवली आहे, ती मला खटकते.

मुंबईचंच उदाहरण घेऊ, कारण या खेळाचा सगळ्यात जुना आणि ठसठशीत नमुना तिथे आहे. हॅरिस शिल्ड १८९६पासूनची. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचं नाव तिला आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी हॅरिस आणि चौदा वर्षांखालच्यांसाठी जाइल्स. आझाद मैदानावर फेब्रुवारी १९८८मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, ती हॅरिसच्या उपांत्य सामन्यात. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, शारदाश्रमच्या २ बाद ७४८. डाव घोषित करा असा आचरेकर सरांचा निरोप मैदानाबाहेरून येत होता आणि दोघं तिकडे बघायचंच टाळत होते, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. समोर सेंट झेवियर्स होती, हे कमी जणांना आठवतं. झेवियर्सच्या त्या संघात साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. म्हणजे समोरचे काही कच्चे लिंबू नव्हते. उपांत्य फेरीत दोन तगडे संघ भिडले आणि एकाने दुसऱ्याची धुलाई केली, तर त्यात अन्याय काहीच नाही.

नंतरच्या काळात मात्र चित्र पालटत गेलं. २००९मध्ये सर्फराज खानच्या ४३९, २०१०मध्ये अरमान जाफरच्या ४९८, २०१३मध्ये पृथ्वी शॉच्या ५४६. पाच मोसमांत तीन प्रचंड खेळ्या आणि तिन्ही मुलं एकाच शाळेची, वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डची. त्याआधी वसीम जाफरने अंजुमन-ए-इस्लामकडून खेळताना शालेय सामन्यात नाबाद ४०० केल्या होत्या. वसीमचे वडील बेस्टचे बसचालक. पृथ्वी विरारहून वांद्र्याला यायचा. लोकलची गर्दी आणि पाठीवर किट, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या वयाच्या मुलाने काय सोसलं असेल ते सांगायला नको.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. खासगी शाळा दुसऱ्या शाळेतली चांगली मुलं 'पळवतात', अशी ओरड नेहमी होते. क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत चहा येईपर्यंत दुसरा विषय नसतो. मला ती ओरड अर्धीच पटते. खुद्द सचिनने आचरेकर सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये नाव घातलं होतं. खासगी शाळेने एखाद्या गरीब घरच्या मुलाची फी माफ केली, बॅट-पॅड दिले, रोजचा सराव आणि चांगला प्रशिक्षक दिला, तर त्या मुलाचं भलं झालं. कोणत्या तोंडाने त्याला थांबवायचं? आमच्या शाळेत राहून त्याला काय मिळणार होतं? वर्षाला एक सामना आणि त्यासाठी मागून आणलेलं किट.

पण तो मुलगा गेल्यावर मागे दहा उरतात. त्यांचं पुढे काय होतं, ते पाहायचं तर ४ आणि ५ जानेवारी २०१६चा कल्याणचा सामना आठवा. भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९पासूनचा नाबाद ६२८चा विक्रम मोडला. रिक्षाचालकाच्या मुलाचं नाव जगभर गेलं आणि ते जायलाच हवं होतं, त्याने त्याचं काम केलं. शाळेने ३ बाद १४६५वर डाव घोषित केला. समोरची आर्य गुरुकुल पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्या डावात ५२. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव. आर्य गुरुकुलची मोठी मुलं अभ्यासामुळे आलीच नव्हती आणि सीझन बॉलची सवय नसलेली लहान मुलं उतरवावी लागली, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. दोन दिवस ती पोरं उन्हात चेंडू आणायला धावत होती. विक्रमाच्या बातमीत त्यांचा उल्लेख विनोदासारखा झाला.

हे का होतं? आपल्याकडची शालेय स्पर्धा प्रामुख्याने बाद पद्धतीवर चालते. हरलात की घरी. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या स्पर्धांतही तेच असतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट, तालुका किंवा महापालिका स्तर, मग जिल्हा, विभाग, राज्य. प्रत्येक पायरीवर बाद. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरतात आणि चिठ्ठीत मोठी खासगी शाळा निघाली की आमच्या मुलांचे चेहरे सामन्याच्या आदल्या दिवशीच पडतात.

हिशेब साधा आहे. ३२ शाळा आल्या तर बाद पद्धतीत ३१ सामने होतात. त्यातल्या १६ शाळा एकेक सामना खेळून परत जातात. म्हणजे निम्म्या मुलांसाठी 'शालेय क्रिकेट' या शब्दाचा अर्थ वर्षातली एक सकाळ. एका हरलेल्या सामन्यानंतर, किट भरता भरता आमच्या एका सातवीच्या पोराने विचारलं होतं, "सर, अगला मॅच कब है?" मी म्हटलं, "अगले साल." त्याला वाटलं मी मस्करी करतोय.

मी बी.एड. केलेला माणूस, मैदानापेक्षा फळ्याजवळ जास्त रमणारा. पण वर्गात आम्ही आकारिक मूल्यमापन करतो. घटक चाचणी, तोंडी काम, प्रकल्प. पहिल्या घटक चाचणीत तीन गुण पडलेल्या पोराला आम्ही 'तुझं मराठी यंदापुरतं संपलं' असं सांगत नाही. उलट त्यालाच जास्त वेळ देतो. मैदानावर बरोबर उलटं चालतं. ज्याला खेळाची सगळ्यात जास्त गरज, त्याला सगळ्यात कमी सामने. जो आधीच रोज चार तास सराव करतो, त्याला उपांत्य, अंतिम, सगळं. मग पुढच्या वर्षी दोघांमधलं अंतर आणखी वाढतं आणि आपण म्हणतो, या मुलांत दमच नाही.

या पायऱ्यांवर केवळ ढाली नसतात. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, ते कोणत्या स्तरापर्यंत मजल मारली यावर अवलंबून असतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्याचीही वाट वरच्या स्तरावरच्या प्रमाणपत्रावरून जाते. तेव्हा पात्रता फेरीचं गणित हे काही फावल्या वेळचं गणित नाही. भिवंडीच्या यंत्रमागावर बाप असलेल्या पोरासाठी ते गुण म्हणजे चांगल्या कॉलेजातला प्रवेश असू शकतो.

मुलींच्या बाबतीत तर वेगळाच तमाशा. संघच इतके कमी येतात की कित्येकदा चेंडूला हात न लावता 'पुढे चाल' मिळते आणि संघ वरच्या स्तरावर पोहोचतो. तिथे पहिल्याच सामन्यात समोर रोज सराव करणारी शाळा. आमच्या मुली ट्रॅकसूट आणि स्कार्फ घालून खो-खो काय सुंदर खेळतात, ते वार्षिक क्रीडादिनी पालक बघतात. शाळेबाहेर मात्र त्या वर्षात एखाद्या वेळी जातात, दाणकन आपटतात आणि घरी येतात. मग 'कशाला पाठवायचं' म्हणणाऱ्या एखाद्या चाचाला आयतं कारण मिळतं.

उपाय काय? बदलीवर बंदी घालून काही होणार नाही, मुलं पत्ता बदलून जातील. पहिला टप्पा साखळी पद्धतीचा करा, एवढीच माझी मागणी आहे. ३२ शाळांचे चार-चारचे आठ गट पाडा. प्रत्येक गटात सहा सामने, एकूण ४८. गटविजेते आठ, त्यांची बाद फेरी सात सामन्यांची. सगळे मिळून ५५. बाद पद्धतीपेक्षा फक्त २४ सामने जास्त आणि एकही शाळा तीन सामने खेळल्याशिवाय घरी जाणार नाही. तीन सामन्यांत पोरं काय शिकतात ते शिक्षकाला विचारा. पहिल्यात घाबरतात, दुसऱ्यात भांडतात आणि तिसऱ्यात खेळतात.

यावर पहिलं उत्तर येतं मैदानाचं. मैदानं नाहीत, पंचांचं मानधन कुठून आणायचं, परीक्षा तोंडावर. या अडचणी खऱ्या आहेत. पण गटातले सामने दोन-दोन दिवसांचे असायची गरज नाही. मॅटिंगवर वीस षटकांचे घ्या, एका दिवसात एका मैदानावर दोन उरकतात. गट जवळजवळच्या शाळांचे करा म्हणजे बसचं भाडं वाचेल. एक सावधगिरी मात्र हवी. गटात बरोबरी झाली तर धावगतीवर निकाल लावू नका. धावगती आली की मोठा संघ दुबळ्या संघाला आणखी ठेचणार, प्रशिक्षकच सांगेल, 'सोडू नका.' आपसातल्या सामन्याचा निकाल बघा, तिथेही पेच पडला तर पाच-पाच षटकांचा जादा सामना खेळवा. मोठ्या, अनेक दिवसांच्या लढती हव्यातच, पण त्या शेवटच्या आठांत. तिथे चारशे धावा कोणी केल्या तर मीही गटावर 'माशाअल्लाह' टाकीन.

दुसरा आक्षेप येतो तो क्रिकेटच्या जाणकारांकडून. मुंबईचं 'खडूस' क्रिकेट या निर्दय पद्धतीतूनच घडलं, ती सौम्य केली तर दर्जा घसरेल, असं ते म्हणतात. असेलही. पण शाळेच्या स्पर्धेचं काम रणजीचे खेळाडू पुरवणं एवढंच आहे का? आणि समजा तेवढंच असेल, तरी एका सामन्यात शून्यावर बाद झालेला बारा वर्षांचा पोरगा पुढे काय होईल हे कोणत्या निवडकर्त्याला कळतं? त्याला पाहायला तरी तीन डाव हवेत.

आता थोडं आपल्या घरातलं. अंजुमन १८७४ची संस्था. रिझवीचं नाव शालेय क्रिकेटमध्ये काय आहे ते वर आलंच. या शाळांनी सगळ्या जातीधर्मांची मुलं घडवली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच समाजाच्या दुसऱ्या टोकाला उर्दू माध्यमाच्या शेकडो शाळा आहेत, जिथे पटांगण म्हणजे दोन इमारतींमधली फरशी आणि संचमान्यतेच्या निकषांत क्रीडाशिक्षकाचं पदच बसत नाही. पी.टी.चा तास इतिहासाचे सर घेतात, तेही अभ्यासक्रम मागे पडला नसेल तर. ज्यांच्याकडे मैदान आणि प्रशिक्षक आहेत, अशा आपल्या मोठ्या संस्थांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मोसम सुरू होण्याआधी, आसपासच्या उर्दू, मराठी आणि पालिकेच्या शाळांना चार रविवार बोलावलं तर? त्यांच्या पहिल्या संघाशी खेळायची गरज नाही, दुसऱ्या-तिसऱ्या संघाशी खेळवा. त्यांच्या राखीव मुलांनाही सामने मिळतील. ती मुलंही बिचारी वर्षभर पाण्याच्या बाटल्याच नेत असतात.

सरकार आणि संघटना नियम बदलतील तेव्हा बदलतील. आमच्या भागातल्या तीन शाळांचे शिक्षक यंदा एकत्र बसलो आहोत. दोन उर्दू माध्यमाच्या, एक मराठी माध्यमाची. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे तीन शनिवार ठरवले आहेत, दुपारी एक ते पाच. शुक्रवार नको, जुम्म्याला सगळ्यांची ओढाताण होते. पंच म्हणून दोन माजी विद्यार्थी फुकट यायला तयार आहेत, एका पालकाने मॅटिंग देऊ केलं आहे. चौथी शाळा अजून मिळालेली नाही. ज्या दोन खासगी शाळांना विचारलं, त्यांपैकी एकीने 'कळवतो' म्हटलं. दुसरीच्या प्रशिक्षकाने विचारलं, यातून पुढच्या कोणत्या फेरीत जाता येतं?