एका मताने काय फरक पडतो? उत्तर निकालापेक्षा बूथच्या आकड्यांत आहे

4 जून 2024. मुंबई उत्तर पश्चिममध्ये नऊ लाखांवर मतं मोजली गेली आणि रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकरांना हरवलं, फक्त 48 मतांनी. मतदान जेमतेम 55 टक्के. म्हणजे लाखो मतदार घरीच होते.

2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या 220 नंबरच्या वॉर्डात तर सुरेंद्र बागलकर आणि अतुल शाह, दोघांनाही 5,946 मतं. शेवटी चिठ्ठी काढली, शाह नगरसेवक झाले.

पण असे निकाल अपवादच. लोकसभेला तुमच्या एकट्याच्या मताने निकाल फिरेल ही शक्यता नगण्य आहे, हे मान्य करून टाकू.

मग रांगेत उभं राहायचं कशाला? लोकसभा-विधानसभेच्या निकालानंतर 'फॉर्म 20' नावाचा तक्ता जाहीर होतो. कुठल्या बूथवर कोणाला किती मतं पडली, सगळं त्यात असतं. एका बूथवर साधारण हजारभर मतदार, म्हणजे दोन-चार गल्ल्या किंवा एखादी मोठी सोसायटी. तुम्ही कोणाला मत दिलं ते गुप्तच राहतं. तुमच्या बूथवर किती मतं पडली ते मात्र राहत नाही, आणि पक्षांचे लोक हा तक्ता बारकाईने बघतात. उद्या पाण्यासाठी आमदाराकडे गेलात, तर 300 मतांचा बूथ आणि 700 मतांचा बूथ यांचं वजन सारखं कसं असेल?

आणि एकही उमेदवार पसंत नाही म्हणून घरी बसणार असाल, तर त्या तक्त्यात 'नोटा'ला वेगळा रकाना आहे. न आलेल्यांना नाही.