बांधावरचा आंबा

"देव मानत नाहीस, मग जगतोस कशाला?" असं मला पारावर विचारतात. मी म्हणतो, देव नसला तर उद्या तुम्ही म्हशीला पाणी पाजणार नाही काय?

बाप माळकरी. 1972 च्या दुष्काळात तो खडी फोडायला जायचा अन् मिळालेली सुकडी स्वतः न खाता आम्हा पोरांसाठी आणायचा. ती काही विठ्ठलाच्या भीतीनं नव्हे; पोरं उपाशी होती म्हणून.

तो गेला तेव्हा राख नदीत न सोडता मी बांधावर खड्ड्यात टाकली अन् वर आंबा लावला. भावकी म्हणाली, "त्याला गती मिळायची नाही." आई तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. ते अजून सलतं. पण पुढं त्याच आंब्याखाली ती खुरपणाऱ्या बायांसंगं भाकरी सोडायची.

मेल्यावर काहीच नसेल तर सगळं फुकट, असं म्हणणाऱ्यांनी ज्वारी बघावी. ताट एकदाच कणसाला येतं अन् वाळतं; म्हणून दाणे फुकट गेले असं कुणी म्हणत नाही. जन्म एकच, म्हणून तर त्याची किंमत. पुढच्या जन्माचा भरवसा असणाराच या जन्मीची देणी लांबणीवर टाकतो. मला तेवढी सवड नाही.