समाधानाचे प्रवासवर्णन

प्रवासवर्णन शिकवताना आपण विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारतो तो प्रयोजनाचा. लेखक घर सोडून का निघाला? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढचे विवेचन सोपे होते. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे निघाले ते घरचे कर्ज फेडण्याइतके द्रव्य मिळवावे म्हणून. उत्तरेत त्यांना 1857चा वणवा भेटला, मिळालेले द्रव्य लुटले गेले, आणि घरी आली ती गंगेची कावड. 'माझा प्रवास' या नावाने त्यांची हकिगत 1907 साली, चिंतामण विनायक वैद्यांच्या संपादनाने, लेखकाच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्याच तालुक्यातील गागोदे गावी 1895 साली जन्मलेले विनोबा पुढे देशभर पायी हिंडले ते भूमिहीनांसाठी जमीन मागत. रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या शिक्षणासाठी. अनंत काणेकरांनी आपल्या 1940च्या पुस्तकाच्या शीर्षकातच धुके आणि लाल तारा असे दोन टोकांचे प्रयोजन सांगून टाकले. द्रव्य, भूमी, विद्या, विचार: मराठी माणूस काहीतरी आणायला निघतो, आणि ते मिळाले की नाही यावर त्याच्या प्रवासवर्णनाचा ताण उभा राहतो.

परंतु ज्या प्रवासाला प्रयोजनच नाही, जो माणूस काहीही आणायला निघालेला नाही आणि सुखात परत आला आहे, त्याच्या कथनाचे आपण काय करतो? माझा अनुभव असा, की आपण ते वाङ्मयात जमा करत नाही. हा निर्णय आपण नेहमी विचारपूर्वक घेतो असे नाही, आणि म्हणून तो तपासून पाहावा असे मला वाटते.

निमित्त घरगुती आहे. माझे मामा रोह्याला राहतात. वयाच्या सतराव्या वर्षी ते नौदलात शिरले, लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' या प्रशिक्षण केंद्रात यंत्रविद्या शिकले आणि पुढची पंधरा वर्षे त्यांनी जहाजांच्या पोटात, बॉयलरसमोर काढली. निवृत्तीनंतर त्यांनी धाटावच्या एका कारखान्यात नोकरी केली, मुलांची लग्ने केली. गेल्या हिवाळ्यात पेन्शनीतून बाजूला टाकलेले पैसे घेऊन ते मामींसह मुंबईहून गोव्याला क्रूझवर जाऊन आले. परतल्यावर भेटायला गेलो तेव्हा सगळे वर्णन त्यांनी एका वाक्यात आटोपले : "अरे, आयुष्यात पहिल्यांदा जहाजाला खिडकी असते हे कळलं."

मी साहित्य शिकवणारा. माझ्या हातात त्या आठवड्यात योगायोगाने डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाचा क्रूझवरचा गाजलेला निबंध होता. 1995 साली एका मासिकाने त्यांना कॅरिबियन समुद्रातील सात रात्रींच्या सफरीवर धाडले. निबंध 1996 साली 'हार्पर्स'मध्ये आला आणि पुढल्या वर्षी पुस्तकात गेला. त्या जहाजाचे मूळ नाव 'झेनिथ', म्हणजे खमध्य. वॉलेस त्याला सर्वत्र 'नादिर' म्हणजे अधोबिंदू म्हणतात. अखंड लाड पुरवणारी ही व्यवस्था प्रौढ माणसाला तान्हे मूल करून सोडते, आणि त्या लाडांच्या तळाशी एक गडद निराशा साचलेली असते, असा त्या निबंधाचा रोख आहे. निबंध विलक्षण आहे आणि मी तो वर्गात आवडीने शिकवतो. त्याच तयारीने मी मामांना विचारले, "पण मामा, दिवसभर कुणीतरी आपली सरबराई करतंय, याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

ते म्हणाले, "वाटलं ना. फार बरं वाटलं."

माझा सगळा सिद्धान्त या उत्तरापुढे काही काळ मुका झाला. मग त्यांनी तपशील सांगितला. जहाजावर पाळ्या चार चार तासांच्या असतात. मध्यरात्री बारा ते पहाटे चार ही मधली पाळी सर्वांत वाईट, कारण तिच्या दोन्ही बाजूंची झोप तुटते. निवृत्तीला चाळीस वर्षे झाली तरी बोटीचे इंजिन कानावर येताच शरीराला ती पाळी आठवली. क्रूझच्या पहिल्या रात्री ते पावणेबाराला आपोआप उठून बसले, पायांनी बूट शोधू लागले. मग त्यांच्या ध्यानात आले की खाली इंजिनाशी दुसरे कुणीतरी उभे आहे. "त्याला मनातल्या मनात सलाम केला आणि पुन्हा आडवा झालो. तशी झोप मला कधी लागली नव्हती."

वॉलेस तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. ज्या श्रमातून प्रवाशाची सुटका केली जात होती ते श्रम त्यांनी कधी केलेले नव्हते. त्यामुळे ती सुटका त्यांना पोकळ वाटली. मामांना ती पोकळ वाटणे शक्यच नव्हते. या फरकाला मी केवळ स्वभावाचा फरक म्हणणार नाही. एकच सुख दोन आयुष्यांत दोन वेगळ्या अर्थांनी उमटते, आणि त्यांतला एकच अर्थ वाङ्मयीन ठरतो, ही माझी तक्रार आहे.

आपल्या समीक्षेच्या परिभाषेकडे पाहा. एखाद्या कादंबरीची स्तुती करायची तर आपण ती 'अस्वस्थ करते' असे म्हणतो. साठोत्तरी साहित्याने, विशेषतः दलित आत्मकथनांनी, आपल्याला हे शिकवले आणि ते शिकण्याची गरज होती. सुखवस्तू मध्यमवर्गीय तृप्तीखाली काय काय दडपले गेले होते ते त्याशिवाय उघड झाले नसते. परंतु हळूहळू अस्वस्थता हाच प्रामाणिकपणाचा एकमेव पुरावा होऊन बसला. समाधानी माणसासाठी आपल्याकडे 'आत्मतुष्ट' एवढा एकच शब्द उरला, आणि तो शिवीसारखा. याच रायगड जिल्ह्यातल्या शिवथरघळीत दासबोध रचला गेला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथात समाधान ही विवेकाने गाठायची अवस्था आहे. ते झोपेचे लक्षण मानलेले नाही. तो अर्थ आपण पारमार्थिक म्हणून बाजूला ठेवला आणि ऐहिक समाधानासाठी दुसरा शब्द घडवला नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. मामांचे समाधान कुणाच्या जिवावर? क्रूझवर खोल्या आवरणारी, ताटे विसळणारी मुले महिनोन् महिन्यांच्या करारावर घरापासून दूर असतात. त्यांतली कितीतरी आपल्याच कोकणातली आणि गोव्यातली. जहाजांच्या धुराचा प्रश्न आहे. इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा 1 जानेवारी 2020 पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणावी लागली, ती उगाच नव्हे. आणि पेणच्या खारेपाटात मिठागरावर राबलेल्या माणसाला अशा तिकिटाचा विचारही करता येत नाही. हे सगळे खरे आहे.

मात्र हे मामांना ठाऊक नाही, असे समजण्यात आपली चूक होते. आपल्या मजल्यावरच्या मुलाचे गाव, त्याच्या कराराचे महिने आणि घरी धाडायची रक्कम त्यांनी दुसऱ्या दिवशीच विचारून घेतली होती. धुरांड्याचा रंग पाहून खाली ज्वलन कसे चालले आहे याचा अंदाज ते मामींना सांगत बसले होते. निघताना त्यांनी त्या मुलाच्या हातात पाकीट ठेवले आणि त्याला सांगितले, "पैसे गावाला पाठव, पण एक स्वतःसाठी ठेव. मी ठेवला नव्हता." यातून व्यवस्था बदलत नाही, तसा दावा त्यांचाही नाही. मात्र न पाहिल्यामुळे लाभलेले समाधान आणि पाहून झाल्यावर उरलेले समाधान या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि समीक्षकाला हा भेद करता आला पाहिजे.

या किनाऱ्याची आठवण ठेवली तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. मराठी माणसाला समुद्रप्रवास नवा नाही. धर्मशास्त्राने समुद्रगमन कलिवर्ज्य ठरवले त्या काळातही कोकणचा कोळी, भंडारी, खारवी समुद्रावरच होता. निषेध त्याच्यासाठी नव्हताच. पुढे आगबोटी आल्या. पेणच्या माणसाला मुंबई धरमतरच्या खाडीतून जवळ होती. खालच्या डेकचे तिकीट, वळकटी, उलट्या करणारी मुले, आणि बंदरात बोट न लागता पडावातून उतरणे, असा तो प्रवास. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आलेले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ऐन पावसाळ्यात, सणासाठी घरी निघालेली ही माणसे होती. आमच्या बाजूच्या जुन्या घरांत आषाढातली ती अमावास्या अजून वेगळ्या आवाजात उच्चारली जाते.

पुढे मुंबई-गोवा बोटी बंद झाल्या. 1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली; तिचा आरंभ रोह्याचा. समुद्र आमच्या प्रवासातून निघून गेला आणि पाहण्याची वस्तू होऊन राहिला. तो परत आला तो 2018 साली 'आंग्रिया'च्या आणि 2021 साली 'कॉर्डेलिया'च्या रूपाने, म्हणजे सहलीच्या रूपाने. गरजेची बोट गेली आणि हौसेची बोट आली याची खंत मलाही आहे. 2020 साली भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहनांसह प्रवासी नेणारी बोट सुरू झाली, तेव्हा तिचे अप्रूप वाटले ते यामुळेच. पण त्याच खंतीची दुसरी बाजूही आहे. ज्या किनाऱ्यावर समुद्राने कित्येक पिढ्यांना फक्त पोट आणि भय दिले, तिथला एक माणूस त्याच पाण्यावर, कसलीही भीती आणि कसलेही काम नसताना, खुर्ची टाकून बसतो. खांदेरीचा दिवा मागे पडताना बघतो. ही घटना क्षुल्लक आहे काय? मला ती या किनाऱ्याच्या सामाजिक इतिहासातली नोंद घेण्याजोगी घटना वाटते.

एक गोष्ट मात्र लपवता येणार नाही. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळच्या समुद्रात 'आयएनएस खुकरी' पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले. लोणावळ्याला मामांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मुलगा त्या जहाजावर होता. हे मला मामींनी सांगितले. क्रूझवर रात्री त्याची आठवण झाली का, असे मी मामांना विचारले, तेव्हा ते उठले, ओट्यावरच्या कुंडीला पाणी घातले आणि म्हणाले, "जेवण फार चांगलं होतं हो बोटीवर. मासे ताजे."

माझ्यातल्या शिक्षकाला वाटले, इथेच तर प्रवासवर्णन सुरू होते; हे दडपण फोडले पाहिजे. घरी परतताना मात्र विचार पालटला. जहाजाच्या पोटात पोलादी भिंतींचे वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात पाणी शिरले तर त्याचे दार बंद करतात, म्हणजे बाकीचे जहाज तरंगत राहते. हे मामांनीच मला लहानपणी कागदाच्या होडीवर समजावून सांगितले होते. तो कप्पा पाण्याने भरलेला आहे हे जहाजावरच्या प्रत्येकाला माहीत असते. बंद दाराला अज्ञान म्हणणे चूक, आणि आपल्या वाङ्मयीन कुतूहलासाठी ते उघडायला लावणे त्याहून चूक. त्यांच्या समाधानात ते दार आहे. ते वजा करून उरलेले समाधान खोटे ठरत नाही. उलट त्या दारासकट ते तरंगत आहे, हेच त्याचे मोल.

विद्यार्थ्यांपुढे आता मी वॉलेसच्या निबंधाबरोबर हा तोंडी मजकूरही ठेवतो. काही जण म्हणतात, सर, यात संघर्ष कुठे आहे? एका विद्यार्थिनीने सांगितले, की तिचे आजोबा सैन्यातून निवृत्त झाले आणि दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसतात. ते काही करत नाहीत असे घरात सगळ्यांना वाटते, तिलाही वाटायचे. पुढच्या आठवड्यात तिने त्यांच्याशी बोलून दोन पाने लिहून आणली. त्यांत मोठी घटना एकही नव्हती. वर्गात ती वाचली गेली तेव्हा संघर्षाचा प्रश्न कुणी विचारला नाही.

दसऱ्याला मी रोह्याला होतो. धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते. मामा दरवर्षी गर्दीत मागे उभे राहतात आणि मानवंदनेच्या वेळी त्यांच्या टाचा आपोआप जुळतात. पालखी पुढे गेल्यावर ते मला म्हणाले, पुढच्या वर्षी लक्षद्वीपची सफर करायचा विचार आहे, मामींना पाण्याचा तो निळा रंग बघायचा आहे. मी विचारले, "आणि तुम्हाला?"

"मला काय बघायचंय? मी झोपणार आहे."